मुलाला "मी शिकणारा आहे" असं वर्गात कधी वाटतं? शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात पेडणे तालुक्यात पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवते, त्याआधी काही वर्षं प्राथमिक शाळेत होते. स्टाफरूममध्ये, पॅरेंट्स मीटिंगला, कधी बसमध्ये शेजारी बसलेल्या आईकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढले. जिथे माझ्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलंय, बाकी थोडक्यात आटोपलंय.

स्वतःला शिकणारा म्हणून बघणं म्हणजे नक्की काय?

समजा वर्गात दोन मुलं आहेत आणि दोघांचंही भागाकाराचं गणित चुकलं. एकजण म्हणतो "टीचर, म्हाका गणित जमना" आणि वही मिटतो. दुसरा म्हणतो "थांबा, वरचा शून्य लिहायचा राहिला वाटतं" आणि खोडरबर शोधायला लागतो. आजचे मार्क दोघांचे सारखेच. पण दुसऱ्याला स्वतःबद्दल एक गोष्ट ठाऊक आहे, की मी अडतो, मग काहीतरी करून बघतो आणि बहुतेक वेळा सुटतं. पहिल्याला हे ठाऊकच नाही, कारण त्याला ते कोणी कधी दाखवलेलं नाही.

अल्बर्ट बँडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली यावर मांडणी केली, की "हे मला जमेल" हा विश्वास माणसात येतो कुठून. आपल्यासारख्याच कोणाला तरी करताना बघून येतो, कोणी धीर दिला तर येतो, छातीत धडधड किती होते त्यावरही असतो, पण सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून जमलेल्या अनुभवातून. म्हणजे नुसतं "तू करू शकतोस रे" म्हणून भागत नाही, त्याने आधी केलेलं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. माझं जे काही म्हणणं आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं: मुलाला त्याचा स्वतःचा बदल दिसला पाहिजे, आणि तो दिसेल अशी सोय करणं हे आपलं काम.

हुशार मुलांना याची काय गरज? ती तर शिकतातच.

उलट त्यांची मला जास्त काळजी वाटते. पहिला नंबर येणारं मूल "हुशार" या शब्दाला इतकं चिकटून बसतं की जिथे चुकायची शक्यता असेल तिथे ते जातच नाही. अवघड गणित दिलं की पोटात दुखतं, वक्तृत्वाला नाव द्यायला सांगितलं की घसा बसतो. आणि अकरावीला सायन्स घेतल्यावर पहिल्या टेस्टमध्ये बारा मार्क पडले की घरी सांगत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच अडलेले असतात ना, अडल्यावर काय करतात हेच माहीत नसतं.

चौथीपर्यंत छान बोलणारं मूल पाचवीत गप्प का होतं?

हा प्रश्न गोव्यातल्या प्रत्येक पाचवीच्या टीचरने कधी ना कधी ऐकलाय आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, चौथीपर्यंत. मग हायस्कूल, आणि तिथे पाचवीपासून जवळपास सगळीकडे इंग्रजी माध्यम. इंग्रजी विषय मुलांना आधीपासून असतो हे खरं, पण इंग्रजी एक विषय म्हणून असणं वेगळं आणि सायन्स, गणित, इतिहास सगळंच इंग्रजीतून येणं वेगळं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाच्या पायाखालची जमीन बदलते. जे मूल चौथीत हात वर करून "बाई मी सांगतो" म्हणायचं ते पाचवीत शेवटच्या बाकावर जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, बेस कच्चा आहे.

एक प्रसंग सांगते. पाचवीला इव्हॅपोरेशन शिकवत होते. फळ्यावर व्याख्या लिहिली, दोनदा वाचून घेतली, मग एका मुलाला विचारलं. उभा राहिला, मान खाली, बाकाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत राहिला. मला ठाऊक होतं की तो आगरवाड्याच्या बाजूचा आणि त्याच्या घरच्यांचं मिठागरात काम असतं. म्हटलं, इंग्रजी सोड, तुमच्या आगरात पाणी घेतल्यावर पुढे काय होतं ते सांग, कोकणीत सांग. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "वतान पाणी सुकता आनी मीठ उरता." वत म्हणजे ऊन. मग थांबलाच नाही. खाडीचं पाणी आधी कुठल्या खणात घेतात, तिथून पुढच्या खणात कधी सोडतात, वारा असला की लवकर सुकतं, ढग आले की आजोबा चिडतात, अवेळी पाऊस पडला तर सगळं विरघळून जातं आणि परत पहिल्यापासून. पाच मिनिटं बोलला. मी फळ्यावर त्याच्या वाक्याखाली एव्हढंच लिहिलं की याला इंग्रजीत इव्हॅपोरेशन म्हणतात, मराठीत बाष्पीभवन. वर्गातल्या कोणालाच, मलाही, त्याच्याइतकं ते माहीत नव्हतं.

त्या दिवशी सायन्स त्याला आधीपासून येत होतं, नवीन होता तो फक्त शब्द. आणि हा फरक मुलाला कोणीतरी सांगावा लागतो, अगदी तोंडाने, स्पष्ट: "तुला समजलेलं आहे, तुझ्याकडे फक्त त्याचं इंग्रजी नाव नाही, ते आपण मिळवू." नाहीतर ते मूल "मला इंग्रजी शब्द येत नाही" यावरून थेट "मला सायन्स येत नाही" आणि तिथून "मी ढ" इथपर्यंत पोचतं, आणि हा प्रवास पाचवीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होऊन जातो.

मग वर्गात कोकणी-मराठी बोलू द्यायची का? मॅनेजमेंट म्हणते इंग्रजीच बोला.

विचार करताना बोलू द्या. जोडीत चर्चा कोकणीत होऊ दे, मराठीत होऊ दे, उत्तर लिहिताना इंग्रजीत आणू. मी वहीत मधोमध रेघ मारून घेते, डावीकडे "मला समजलं ते" कुठल्याही भाषेत, उजवीकडे तेच इंग्रजीत, आधी दोन शब्द मग वाक्य. जूनमध्ये उजवी बाजू रिकामी असते, दिवाळीपर्यंत अर्धी भरते. हे मुलाला दिसतं. मॅनेजमेंटलाही तीच वही दाखवा, तोंडी वाद घालण्यापेक्षा बरं पडतं.

आणि सगळ्यांच्याच घरी कोकणी-मराठी असते असंही नाही हं. आता आपल्या वर्गात कानडी बोलणारी, हिंदी बोलणारी मुलं आहेत, त्यांच्यासाठी मराठी ही सुद्धा शिकलेलीच भाषा. अशा मुलाला मी वर्गापुढे विचारते की तू कोकणी कशी शिकलास? सहा महिन्यांत शिकलेला असतो, खेळता खेळता. "म्हणजे तू एक आख्खी भाषा शिकलास, इथल्या बहुतेकांनी तशी नाही शिकली." त्याचा चेहरा बघायचा त्यावेळी.

कौतुक कसं करायचं? "शाबास, हुशार आहेस" म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं. १९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. मुलांना आधी जमण्यासारखी कोडी दिली. मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस, फक्त एका वाक्याचा फरक. पुढे अवघड कोडी दिली, सगळेच अडखळले. त्यानंतर परत पहिल्यासारखी सोपी दिली, तर "हुशार" म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली आणि "मेहनत" म्हटलेल्यांची सुधारली. मला सगळ्यात जास्त लागली ती पुढची गोष्ट. दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी आपले मार्क नाव न घालता लिहायला सांगितले, तर हुशार म्हटलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. नाव सुद्धा नव्हतं कागदावर, तरी.

पण म्हणून उठसूट "छान प्रयत्न केलास" म्हणत सुटू नका, मुलांना कळतं, सहावीतल्या मुलीला प्रयत्नाचं कौतुक म्हणजे "तुला जमलं नाही पण असू दे" असंच ऐकू येतं. मी काय बघितलं तेवढं सांगते. "तू आधी आकृती काढलीस आणि मग गणिताला हात घातलास, म्हणून सुटलं." "मागच्या निबंधात तुझी सगळी वाक्यं आणि-आणि करत जोडलेली होती, यात नाहीत." अशा वाक्यात शाबास नसलं तरी चालतं.

मूल चुकलं की वर्ग हसतो. काय करू?

हसणाऱ्यांना ओरडून ते थांबत नाही, निदान माझ्याकडे थांबलं नाही. मी रोज एक चूक फळ्यावर मांडते, नाव न सांगता, "ही चूक मला फार आवडली, का ते ओळखा." उदाहरणार्थ ३/४ आणि २/३ ची बेरीज ५/७. मुलं शोधतात की करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल, वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. मग कोणीतरी म्हणतं, पण पाऊण आणि त्याच्यात अजून मिळवलं तर एकापेक्षा जास्त यायला पाहिजे ना, हे तर पाऊणपेक्षा कमी आलं. झालं, धडा तिथेच शिकवून झाला. पहिल्या आठवड्यात चूक कोणाची ते मुलं शोधत बसतात, काही आठवड्यांनी एखादा स्वतःच सांगतो, टीचर ती माझी होती. माझ्या स्वतःच्या चुकाही मी मांडते आणि त्या खोट्या करायची गरज पडत नाही, फळ्यावर होतातच.

इथे एक सांगायचंय. मी सातवीत असताना एका शिक्षकाने सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की हिच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, हिने भाषा घ्यावी. वाईट हेतूने नसेलही म्हटलं. पण मी ते जवळजवळ वीस वर्षं खरं धरून चालले, हॉटेलचं बिल सुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचे. गणित शिकवायची पाळी आली तेव्हा रात्री बसून परत पाचवीपासून सोडवलं आणि येत होतं, सगळं येत होतं. म्हणून "हा ढ आहे", "ही आर्ट्सवाली" असं स्टाफरूममध्ये कोणी गंमतीत जरी म्हटलं तरी मला सोसत नाही.

प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात, बाकीचे ऐकत बसतात.

थांबा. खरंच, फक्त थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये टेपरेकॉर्डर लावून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभर थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. पहिल्या दिवशी तीन सेकंद म्हणजे तीन तास वाटतात, मी टेबलाखाली बोटं मोजायचे. आणि जे मूल मनातल्या मनात कोकणीतून इंग्रजीत भाषांतर करतंय त्याला तीनही पुरत नाहीत, पाच-सहा द्या. आधी वहीत लिहा मग हात वर करा, असं केलं तर अजून बरं.

मार्क बंदच करायचे का?

बंद करायला आपल्या हातात कुठे आहे, दहावीला गोवा बोर्ड आहेच समोर. पण रोजच्या वहीवर मार्क टाकायची सक्ती तर कोणी केलेली नाही ना. रूथ बटलर यांचा १९८८ चा इस्रायलमधला अभ्यास यावर डोळे उघडणारा आहे: काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारले ते नुसता शेरा मिळालेले. दोन्ही मिळालेले मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखेच राहिले, कारण आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? आपणही बघतोच की, पेपर हातात आल्यावर मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं, मग पेपर बॅगेत.

मी युनिट टेस्टचा पेपर आधी मार्कांशिवाय देते, शेऱ्यात एकच काम लिहून, "तिसऱ्या प्रश्नात कारण दिलं नाहीस, एक कारण लिहून आण." ते करून आणलं की मग मार्क सांगते. पालकांचे फोन आले सुरुवातीला, खोटं का सांगू. मीटिंगमध्ये दोन पेपर शेजारी ठेवून दाखवले, मग कमी झाले.

ही "शिकल्याची वही" काय भानगड आहे?

भानगड काही नाही, शंभर पानी साधी वही. दर शुक्रवारी सुटायच्या आधी दहा मिनिटं. मुलं तीन गोष्टी लिहितात: या आठवड्यात कुठे अडलो, मग काय केलं, आता काय येतंय. स्पेलिंगला लाल पेन नाही, भाषा कुठलीही, चित्र काढलं तरी चालेल.

सुरुवातीला काय येतं माहीत आहे? "मी गणितात अडलो. मी अभ्यास केला. आता येते." सगळ्यांचं तेच, एकमेकांचं बघून. मुलांना ही भाषा कोणी शिकवलेलीच नाही. "अभ्यास केला" म्हणजे काय केलं हे त्यांना खरंच सांगता येत नाही, कारण आपण लहानपणापासून त्यांना फक्त "अभ्यास कर" एवढंच म्हणत आलो. म्हणून मी पहिला महिना स्वतःचं लिहून वाचून दाखवते. एकदा फोनवर नवीन ॲप शिकत होते त्याचं लिहिलं, कुठे अडले, मुलीला विचारलं, तिने भराभर करून दाखवलं म्हणून कळलं नाही, मग म्हटलं तू हात लावू नको, मीच दाबते तू नुसतं सांग. मुलांना ते एकदम पटलं. "टीचर, ट्युशनमध्ये पण तेच होतं, सर सोडवून देतात तेव्हा कळतं आणि घरी येत नाही." हे सहावीचा मुलगा म्हणतोय! रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हेच प्रयोग करून दाखवलं होतं, की परत परत वाचून येतंय असं वाटतं, पण पुस्तक मिटून आठवून बघितलेलं जास्त दिवस टिकतं.

हळूहळू वहीत खरं यायला लागतं. एका मुलीने लिहिलं होतं, "नकाशात मला पूर्व पश्चिम कळत नव्हते. मग मी घराच्या अंगणात उभी राहिले आणि समुद्र कुठे आहे ते बघितले. समुद्र म्हणजे पश्चिम. आता नकाशा बघताना मी मनात अंगणात उभी राहते." तिच्या वहीचं ते पान मी आजही विसरले नाही. आपण अडलो तेव्हा काय केलं हे तिला कळलंय, आणि आता ते तिचं झालं, उद्या भूगोल सोडून दुसरीकडेही वापरेल.

दर दोन महिन्यांनी मुलं वही मागे उलटून वाचतात आणि एक वाक्य लिहितात, "जूनमध्ये मी... आता मी..." इतकंच. यात माझं भाषण शून्य.

माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे ज्याला खरंच कशातच रस नाही.

शाळेत नसेल. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याच्या घरी जाऊन बघा.

असाच एक होता, सातवीतला, वर्गात डोकं बाकावर. गणपतीच्या दिवसांत वाड्यावर आरतीला गेले तर हा पहिल्या रांगेत घुमट घेऊन, ते मातीच्या मडक्याला कातडं बांधून केलेलं वाद्य. शामेळवाला (शामेळ म्हणजे जोडीचा लहान नगारा) ताल बदलतो तसा याचा हात बदलतोय, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतोय, घाम गळतोय. नंतर विचारलं कसं शिकलास रे? म्हणाला, "आधी काकाच्या बाजूला बसायचो, नुसतं कासाळं (झांज) द्यायचे हातात. मग घरी डब्यावर वाजवायचो. चुकलो की काका हात धरायचा, परत सोडायचा. दोन वर्षं झाली, अजून जलद आरतीला मागे पडतो."

बघा ना, सगळं आहे त्यात. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली शिंपी, सुईणी वगैरेंचं शिकणं अभ्यासून हेच मांडलं, की माणूस आधी कडेला बसून छोटं खरं काम करतो, आणि हळूहळू आत सरकतो, आणि सरकता सरकता "मी यांच्यातला" असं होऊन जातं. आपल्या गावच्या नाटकांतही तेच, आधी पडदा ओढणारा पोरगा चार वर्षांनी जत्रेच्या नाटकात भूमिका करतो. फक्त वर्गात आपण त्याला हे जोडून देत नाही. मी त्याला म्हटलं, हेच जे सांगितलंस ते शुक्रवारच्या वहीत लिही. मग अपूर्णांकाच्या वेळी विचारलं, आता तू कुठे आहेस, कासाळ्यावर की घुमटावर? म्हणाला, कासाळ्यावर. म्हटलं बरं, मग आज आपण कासाळंच वाजवू, नुसते अर्धे आणि पाव. तो काही एकदम पहिल्या नंबरात आला नाही, पण डोकं बाकावरून उठलं आणि परीक्षेत पास झाला, आणि आम्हा दोघांना बोलायला एक शब्द मिळाला. पुढे तो शब्द आख्ख्या वर्गाचा झाला.

ग्रोथ माइंडसेटची पोस्टरं भिंतीवर लावली तर उपयोग होतो?

ग्रोथ माइंडसेट म्हणजे बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, मेहनतीने वाढते हा विश्वास. पोस्टरने भिंत छान दिसते. अमेरिकेत याचा मोठा अभ्यास झाला, डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा, २०१९ मध्ये आला, नववीची सुमारे १२ हजार मुलं. तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने कमी गुण मिळवणाऱ्या मुलांची सरासरी साधारण ०.१ ने वर गेली, तिथे चारपैकी मोजतात. म्हणजे खरा पण लहानसा परिणाम. आणि तो जिथे वर्गातलं वातावरण अवघड कामाला हात घालायला साथ देणारं होतं तिथेच नीट दिसला. भिंतीवर "चुका करा" लिहायचं आणि चुकल्यावर वहीवर लाल फुली मारून "बेजबाबदार" लिहायचं, तर मूल भिंत वाचत नाही, वही वाचतं.

जात, गाव, आईवडिलांचा धंदा यावरून मुलं स्वतःला कमी समजतात का?

समजतात, आणि आपणच आठवण करून देतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली आणि तथाकथित खालच्या जातीतल्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच होती, कोडी तीच होती.

आता आठवा की आपण स्कॉलरशिपचे फॉर्म, दाखल्यांची यादी वर्गात कशी वाचतो. उभं करून. मी ते बंद केलं, एकेकाला हळूच बोलवून कागद देते. एवढं तर कोणीही करू शकतं, त्याला ट्रेनिंग लागत नाही.

पोर्शन कधी संपवायचा मग?

संपतो. आता नवीन वर्ष एप्रिलमध्ये सुरू करायला लागल्यापासून तर मला ते दिवस सोन्यासारखे वाटतात, उकाडा सोडला तर. त्या दिवसांत मी धडा घाईने सुरू करत नाही, वहीची सवय, थांबायची सवय, चुकीची सवय लावून घेते. नंतर शुक्रवारची दहा मिनिटं जातात ती परत शिकवण्यातून वाचतात.

होलिस्टिक प्रोग्रेस कार्डात, म्हणजे सर्वांगीण प्रगतीपत्रकात, मुलाने स्वतःचं मूल्यमापन करायचं असतं, ते आम्ही शिक्षकच भरून टाकतो. चालेल?

नाही चालणार, मनापासून सांगते. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये त्या कार्डात मुलाने स्वतःचं आणि मित्रांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं मुद्दाम घातलंय. वेळ नसतो हे मान्य, मलाही नसतो. पण वर्षाच्या शेवटी एका दिवसात सगळी हसरी तोंडं रंगवून टाकण्यापेक्षा, वही असेल तर मूल त्यातूनच बघून भरतं, दहा मिनिटांचं काम.

शाळेत एकूण बाराच मुलं आणि मी एकटी. मला हे कसं जमणार?

तुम्हाला आमच्यापेक्षा सोपं आहे! चौथीची मुलगी पहिलीच्या मुलाला बाराखडी शिकवते तेव्हा ती काय बोलते ते जरा ऐका. "मला पण ते र्‍हस्व-दीर्घ कळत नव्हतं, मी अशी बोटाने गिरवायचे." तिला स्वतःचं शिकणं मागे वळून दिसतंय, आणि पहिलीच्या मुलाला पुढे काय होतं ते समोर बसलेलं दिसतंय. मोठ्या शाळेत हे मुद्दाम जुळवून आणावं लागतं.

घरी आम्ही काय करायचं? आम्हाला इंग्रजी येत नाही.

यायला पाहिजे असं काही नाही. "किती मार्क पडले" आणि "त्याला किती पडले" हे दोन प्रश्न आठवड्यातून एक दिवस बंद ठेवा, त्या दिवशी विचारा "आज कुठे अडलीस?" आणि उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका. तुम्ही काय शिकताय तेही सांगा. एका आईने स्कूटर शिकतानाचं मुलाला सांगितलं, उतारावर कशी घाबरते ते, तर तो रोज विचारायला लागला, आई आज उतार केलास? आणि पाहुण्यांसमोर "हा अभ्यासात जरा कमीच आहे" असं म्हणू नका, तो आतल्या खोलीतून ऐकत असतो.

फरक दिसायला किती दिवस लागतात?

माझ्याकडे साधारण गणपती उलटून गेल्यावर पहिल्या खुणा दिसतात, काही मुलांत जानेवारी उजाडते, एक-दोन मुलांत आख्खं वर्ष जातं आणि माझ्या हातून होत नाही, ती पुढच्या टीचरकडे तशीच जातात. खूण काय, तर प्रश्न बदलतात. "टीचर हे बरोबर आहे?" ऐवजी "टीचर, मी इथपर्यंत आलो, पुढे असं करू का?" असं विचारतात.

वर्षाच्या शेवटी त्या वह्यांचं काय करता?

मुलांना घरी देते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण पावसात कपाटं ओल धरतात आणि शाई पसरते. पुढच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी घेऊन या म्हणून सांगते, नव्या टीचरला दाखवायला. सगळे आणत नाहीत. गेल्या वर्षी तो घुमटवाला आठवीच्या पहिल्या दिवशी घेऊन आला होता, वरचं कव्हर गेलेलं, मागच्या पानांवर आरतीचे बोल लिहिलेले.